रिबूची डावी बाजू

पोळ्या इतक्या मऊ कशा करता, असं मला पुष्कळ जणींनी विचारलं आहे. भाजीत काय घालता, हेही विचारतात. पण सत्तावीस वर्षं दिल्लीत मराठी डबे पुरवताना कोशिंबीर कशी करता, असं एकीनेही विचारलेलं नाही. ताटाच्या डाव्या बाजूला जे काही असतं, म्हणजे चटणी, लोणचं, कोशिंबीर, तळण, ते आपोआप उगवतं अशी लोकांची समजूत असावी. मला मात्र माझ्या धंद्यातला सगळ्यात आनंदाचा आणि सगळ्यात शरमेचा अनुभव दिला तो याच डाव्या बाजूने, आणि तोही सात वर्षांच्या एका मुलीच्या ताटात.

आधी आमचं थोडं सांगते. आमचे हे सरकारी छापखान्यात प्रूफरीडर होते. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार झाला आणि तिथल्याच स्वयंपाकघरात डबे सुरू झाले. बदली होऊन एकटे आलेले मराठी अधिकारी वर्षभर डबा खायचे, मग बायकामुलं यायची आणि डबा बंद व्हायचा. मुलं आजारी पडली, पाहुणे आले की पुन्हा सुरू. हे रिटायर झाल्यावर आम्ही मुनिरकाला फ्लॅट घेतला. म्हणजे रस्ता ओलांडला, एवढंच. गिऱ्हाईक तेच राहिलं.

दोन वर्षांपूर्वी शाळा नुकत्याच उघडल्या होत्या तेव्हा वैशाली साळवे माझ्याकडे आली. मूळची नगरची, नवरा-बायको दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत. तिची मुलगी रिबेका, घरी रिबू. मुलगी वाढत नव्हती, पोट सारखं दुखायचं, चेहरा पांढराफटक. मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, हिला गहू चालत नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. गव्हात ग्लुटेन नावाचं एक प्रथिन असतं. आपण कणीक मळतो, तिंबतो आणि ती रबरासारखी ताणली जाते ना, ती ताण देणारी वस्तू म्हणजे हे ग्लुटेन. ज्यांना ते सोसत नाही त्यांच्या आतड्यालाच ते इजा करतं. कणभर गेलं तरी करतं.

गहू नाही म्हणजे पोळी नाही, ब्रेड नाही, रवा, मैदा, शेवया, दलिया, बिस्किटं, नूडल्स काही नाही. आणि रिबू त्याआधी जे चार पदार्थ खायची ते होते ब्रेड, बिस्किटं, नूडल्स आणि साखर घातलेली पोळीची गुंडाळी. आता ती नुसता पांढरा भात खात होती. वैशाली म्हणाली, "काकू, भाताचं मी बघते. भाताबरोबर तिच्या पोटात काहीतरी जाईल असं तुम्ही करून द्या. नुसती डावी बाजू द्या."

मी म्हटलं, बिल्कुल. हट्टी मुलं मी काय कमी पाहिली होती का?

तयारी मात्र मी कडक केली. रिबूसाठी नवी कढई, नवा झारा, नवा पोळपाट, नवं लाटणं, सगळ्यांना लाल दोरा बांधलेला आणि वेगळी फळी. ज्या तेलात पुरी तळली त्यात हिचा पापड तळायचा नाही. चक्कीवरचं तांदळाचं पीठसुद्धा नको, कारण चक्कीवाल्याने त्याआधी कोणाचे तरी गहू दळलेले असणार. सगळं घरीच मिक्सरवर दळायचं. आमचे हे म्हणायला लागले की स्वयंपाकघरात शिरायचं तर आता पास काढावा लागेल.

पहिल्या आठवड्यात मी पाठवलेली काकडीची कोशिंबीर, भोपळ्याचं भरीत, कोबीची पचडी, बटाट्याची पिवळी भाजी, सगळं जसंच्या तसं परत आलं. रिबूने नियम सांगून पाठवले होते. दोन पदार्थ एकमेकांना लागता कामा नयेत. हिरवं दिसता कामा नये. आणि काहीही ‘गीला’ नको. दिल्लीत वाढलेली पोर, ‘ओलं’ हा शब्द तिला माहीतच नव्हता.

शनिवारी मी स्वतःच जाऊन तिच्यासमोर बसले. तीही माझ्यासमोर बसली. मी घाऱ्या काढल्या, तांदळाच्या पिठीच्या. तिने बोटाने दाबून पाहिल्या आणि ताट सरकवलं. दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी मी तळलेले पोह्याचे पापड पिशवीत होते, गव्हाचा स्पर्श नसलेले, त्याच लाल दोऱ्याच्या कढईतले. मी हताश होऊन त्यातला एक मोडला. तिने मान वर केली. मी एक तुकडा दिला. तिने तो चावला, थांबली, मग दुसरा तुकडा कानाजवळ नेऊन मोडला.

"हा बोलतो," ती म्हणाली.

तिचा चौथा नियम असा सापडला. जे वाजेल ते ती खाणार होती.

त्यानंतरचे तीन महिने मी अक्षरशः वेड्यासारखी आनंदात होते. साठीला टेकलेली बाई मी, सकाळी उठल्यापासून काय कुरकुरीत होईल याचाच विचार. नाचणीचे पापड, तांदूळ-उडदाची कडबोळी, बटाट्याचा कीस, डाळीचे चपटे वडे. भेंडी उभी चिरून, बेसन आणि तांदळाची पिठी लावून तळली की तिचा हिरवा रंग लपतो. रिबूने त्या काड्यांचं नाव चॉकलेटी ठेवलं आणि डबाभर खाल्ल्या. मग माझी भीड चेपली. अळूवडीच्या पातळ चकत्या गेल्या. कारल्याचे काप गेले. कारलं खाणारं सात वर्षांचं मूल मी त्याआधी पाहिलं नव्हतं. वैशालीने ऑफिसातून फोन करून हे सांगितलं तेव्हा मी बाल्कनीत जाऊन शेजारच्या पंजाबी बाईला सांगितलं, तिने तिच्या सुनेला सांगितलं, आणि सूनबाई कारलं कसं करता ते विचारायला आली.

परीक्षक म्हणून मी ह्यांना नेमलं होतं. हे बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसायचे आणि मी स्वयंपाकघरात एक तुकडा चावायचे. ऐकू आला तर पास. एकदा कडबोळं चावलं, काही उत्तर नाही. दुसरं चावलं, तरी नाही. तिसरं चावल्यावर हे म्हणाले, "पहिलंच ऐकलं होतं. तुला अजून दोन खायची असतील म्हणून गप्प बसलो."

एकदा फक्त घात होता होता राहिला. रिबूच्या आजीने नगरहून कुरडया पाठवल्या होत्या. कुरडईसारखं वाजणारं दुसरं काय आहे? तेल तापलं, मी कुरडई हातात घेतली आणि कढईवर हात तसाच थांबला. कुरडई गव्हाच्या चिकाची. जन्मभर करत आले, खात आले, आणि हात कढईवर जाईपर्यंत आठवलं नाही. त्या दिवशी मी ह्यांना बढाई मारली की शोभा गोऱ्यांच्या स्वयंपाकघरातून रिबूच्या ताटात गव्हाचा कण जाणार नाही. हा माज होता, हे आता कळतं.

कारण दिवाळीच्या सुमाराला तिचं पोट पुन्हा दुखायला लागलं. खरं तर दुखणं पूर्ण थांबलंच नव्हतं, कमी झालं होतं. रक्ताची तपासणी झाली. इजा किती ते सांगणारा आकडा जितका उतरायला हवा होता त्याच्या जवळपासही नव्हता. डॉक्टरांनी वैशालीला स्पष्ट सांगितलं की मुलीच्या पोटात कुठून तरी गहू जातोय.

वैशाली मला एका शब्दानेही बोलली नाही. पण तिचा सगळा रोख रिबूवर गेला. शाळेत कोणाच्या डब्यातलं खाल्लंस? बसमध्ये बिस्किट कोणी दिलं? रोज संध्याकाळी हीच चौकशी. रिबू रोज नाही म्हणायची. आणि मला हे लिहिताना लाज वाटते, पण मीही वैशालीला फोनवर म्हटलं, "अगं, मुलं खातात चोरून. तेवढं कळतंय का त्यांना?" माझ्या लाल दोऱ्यांवर माझा इतका विश्वास होता की त्यापुढे एका मुलीच्या शब्दाला मी काही किंमतच दिली नाही. वैशालीने डबा बंद केला. म्हणाली, थोडे दिवस सगळं घरीच करून बघते, चूक कुठे होतेय ते कळेल.

आठ-दहा दिवस गेले. घरी वैशालीने केलेलं खाऊनही पोट दुखतच होतं. म्हणजे शाळेतच खात असणार, असा आम्ही दोघींनी निष्कर्ष काढला.

एका सकाळी मी आमटीला फोडणी देत होते. हे शेजारी उभे होते. छापलेलं काहीही दिसलं की ह्यांचे डोळे चुका शोधायला लागतात. औषधाचं खोकं, लग्नपत्रिका, काही म्हणून सुटत नाही. फोडणीत घालून मी डबी ओट्यावर ठेवली, ती ह्यांनी उचलली, चष्मा कपाळावर चढवून डोळ्याजवळ नेली आणि म्हणाले, "गेहूंवरचा अनुस्वार गळलाय."

मी म्हटलं, "कशावरचा?"

"गेहूं. ‘गेहू का आटा’ असं छापलंय."

"कसली डबी आहे ती?"

"तूच आत्ता ठेवलीस. हिंगाची."

आमटी जळाली त्या दिवशी. मी गॅस बंद करायचीही विसरले. बाजारात मिळणारा हिंग बहुतेक वेळा निखळ नसतो, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. निखळ हिंग इतका उग्र की तो डिंक आणि पीठ घालून सौम्य करतात. ते पीठ कधी तांदळाचं असतं, पुष्कळदा गव्हाचं. डबीवर तसं लिहिलेलंही असतं, त्यांनी काही लपवलेलं नव्हतं. पंचवीस वर्षांत मी ते वाचलं नव्हतं. आणि माझा हात हिंगाला सढळ. कडबोळ्यात हिंग, वड्यात हिंग, भेंडीच्या पिठात हिंग, कारल्याला तर दुप्पट. तीन महिने जवळजवळ रोज मी त्या मुलीला स्वतःच्या हाताने गहू चारला होता, वेगळ्या कढईत तळून, लाल दोरा बांधून.

मग एकेक आठवायला लागलं. नवरात्रात सगळी दिल्लीच गहू सोडते, दुकानादुकानांत शिंगाड्याचं नि कुट्टूचं पीठ येतं. त्या नऊ दिवसांत मी रिबूला उपासाचेच पदार्थ पाठवले होते, वैशालीनेही घरी तेच केलं होतं. उपासाला हिंग नसतो. त्या नऊ दिवसांत तिचं पोट एकदाही दुखलं नव्हतं, आणि आम्हाला दोघींना ते दिसलं नव्हतं.

रविवार होता. साळवे मंडळी चर्चहून परत येण्याच्या वेळेला मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. हातात हिंगाची डबी. वैशालीने दार उघडलं आणि मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. चूक माझी आहे, तुझ्या मुलीने काही खाल्लेलं नाही, मीच घातलं. तिने डबी घेतली, वाचली. तशीच आत गेली. मला वाटलं, आता दार लागणार. ती परत आली तेव्हा तिच्या हातात दुसरी डबी होती, तीच, तेवढीच, निम्मी संपलेली.

"काकू," ती म्हणाली, "मी दोन्ही वेळच्या वरणात हेच घालते."

आधी तिला हसू फुटलं, मग मला. सोफ्यावर बसून आम्ही दोन बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो, आणि ते पाणी सगळं हसण्याचं नव्हतं. रिबू मधल्या दारात येऊन उभी राहिली. चर्चचा फ्रॉक अंगावर, एक मोजा काढलेला. वैशालीने तिला जवळ घेऊन समजावलं की गहू हिंगाच्या डबीत होता, तू शाळेत काही खाल्लं नव्हतंस.

रिबूने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मी तर बोलतच होते," ती म्हणाली.

आम्हा दोघींचं हसू तिथे संपलं. वैशालीने तिची माफी मागितली. मीही मागितली. साठीच्या बाईने सात वर्षांच्या मुलीची माफी कशी मागायची हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. मी तिच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, रिबू, चूक मी केली आणि नाव तुझं घेतलं. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, आता पापड परत येणार का? मी म्हटलं, उद्यापासून. मग ती दुसरा मोजा काढायला गेली.

मी खारी बावलीच्या मसाले बाजारात जाऊन निखळ हिंगाचा खडा आणला. मेट्रोतून येताना आजूबाजूच्या बायका नाकाला ओढण्या लावत होत्या आणि मी मांडीवर पर्स धरून साळसूद चेहऱ्याने बसले होते. रिबूसाठी मात्र तोही वापरला नाही, आलं-जिऱ्यावर भागवलं. आणि ह्यांना नोकरी लागली. घरात येणारं प्रत्येक पाकीट आधी ह्यांच्याकडे जाणार, हे वाचणार, सही करणार, मगच ते फळीवर चढणार.

जानेवारीत आमच्या ओळखीची पन्नासेक मराठी मंडळी बस करून पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जातात. जेवण माझ्याकडे असतं, आणि वर्षानुवर्षं ते पुरी-भाजी. त्या वर्षी साळवेही येणार होते. वैशाली म्हणाली की रिबूचा डबा ती वेगळा आणेल. पण वेगळा डबा घेऊन बाजूला बसलेली मुलं मी पाहिली आहेत. मी ठरवलं की पन्नास माणसांच्या जेवणात गव्हाचा कण असणार नाही, आणि हे कोणाला सांगायचंही नाही. सांगितलं की लोकांना भूक लागायच्या आधीच काहीतरी कमी वाटायला लागतं.

मसालेभात केला. आणि मग डावी बाजू सोडली मोकळी. कोथिंबीर वडी, अळूवडी, कारल्याचे काप, डाळीचे वडे, दोन चटण्या, गाजराची कोशिंबीर, दह्यातलं भरीत, नाचणीचे पापड, कडबोळी, लिंबाचं लोणचं. दोन दिवस मी आणि हे राबत होतो. हे वड्या मोजता मोजता खात होते.

स्मारकापाशी सगळे जण शांतपणे उभे राहिले. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ म्हणजे कर्णिक साहेब, रिटायर्ड इंजिनियर, वय ऐंशीच्या पुढे. ते दरवर्षी तिथे थोडं बोलतात आणि त्यांचा आवाज दरवर्षी एकाच ठिकाणी भरून येतो. मग बसने थोडं पुढे येऊन आम्ही रस्त्याकडेच्या झाडांखाली सतरंज्या घातल्या. चहूकडे गव्हाची शेतं, नजर जाईल तिथपर्यंत हिरवीगार. मी भांडी उघडली. कर्णिक साहेब एकेक भांडं वाकून बघत टोकापर्यंत गेले आणि परत आले.

"शोभाताई, पुऱ्या बसमध्ये राहिल्या वाटतं."

मी सांगितलं की या वर्षी पुऱ्या नाहीत.

"चहूकडे गव्हाचं शेत, आणि ताटात गहू नाही?" ते म्हणाले. पण ते काही कच्चे नव्हते. पुरी वातड झाली तर हवी म्हणून दरवर्षी ते घरच्या चार पोळ्या बरोबर आणतातच. त्यांनी झोळीतून फॉइलची गुंडाळी काढली, उभ्याउभ्याच एक पोळी खाल्ली, आणि त्याच हाताने कोशिंबिरीचा डाव धरायला पुढे झाले.

डावावर आधीच एक छोटा हात होता. रिबू कधी भांड्यांपाशी येऊन उभी राहिली होती मला कळलंही नाही. अनोळखी माणसाशी एक शब्द न बोलणारी मुलगी. कर्णिक साहेबांच्या कमरेएवढीही नव्हती.

"आजोबा," ती म्हणाली, "हात धुऊन या. तुमच्या हाताला गहू आहे."

वैशाली धावत पुढे यायला निघाली, मी तिचा दंड धरून ठेवला. कर्णिक साहेबांनी आपला हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. सरकारी खात्यात अठ्ठावीस वर्षं लोकांना ऑर्डर देण्यात घालवलेला माणूस. त्यांनी विचारलं, साबणाने का नुसत्या पाण्याने? रिबू म्हणाली, साबणाने. ते वळले आणि बसकडे चालू लागले. ड्रायव्हरने कॅनमधलं पाणी त्यांच्या हातावर घातलं, जानेवारीतलं पानिपतचं पाणी, आणि साहेबांनी असा श्वास आत ओढला की सतरंजीपर्यंत ऐकू आला.

पण आता तेही इरेला पडले होते. ते परत आले आणि म्हणाले, मी एकट्यानेच का? सकाळी बसमध्ये बिस्किटं सगळ्यांनी खाल्लीत. रिबूला हे पटलं. मग पन्नास माणसं रांगेत. उपसचिव रांगेत, त्यांच्या सौभाग्यवती रांगेत, साळवे साहेब स्वतःच्या मुलीच्या हुकमाने रांगेत. जो तो त्या बर्फासारख्या पाण्यात हात घालून ओरडत होता आणि मागच्याला हसत होता. पोळीची गुंडाळी साहेबांनी स्वतःहून झोळीत ठेवून दिली. नंतर कारल्याचे काप त्यांनी तीनदा घेतले, आणि तिसऱ्यांदा वाढताना रिबूने त्यांना सांगितलं की कानाजवळ नेऊन मोडा, बोलतं.

मार्चमध्ये रिबूची तपासणी झाली तेव्हा आकडा चांगलाच खाली आला होता. उंची दोन बोटं वाढली होती. वैशालीने रिपोर्टचा फोटो पाठवला, ह्यांनी तो मोठा करून वाचला आणि त्यात एक स्पेलिंग चुकलंय असं सांगितलं.

पण माझ्या डोळ्यांसमोर राहिला आहे तो झाडाखालचा शेवटचा अर्धा तास. सगळ्यांचं वाढून झालं आणि मी माझं ताट घेऊन भांड्यांपाशी गेले. दोन दिवस मी स्वतः सगळं रांधलेलं. मी डाव उचलणार तोच रिबूने तो आपल्याकडे ओढून घेतला आणि बसकडे बोट दाखवलं.

मी म्हटलं, "अगं, मी तर सकाळपासून काही खाल्लंच नाही."

"तरी पण," ती म्हणाली.

मी पदर खोचला आणि रांगेतली शेवटची म्हणून हात धुवायला बसकडे निघाले.